पौषातलं पोटपंचांग

पौष लागला की बीड जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांना कुलपं लागतात. पौषात लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. म्हणजेच पंगत नाही, आणि पंगत नाही म्हणजे दुपारी तीन वाजता तृप्त चेहऱ्याने घरी येऊन "मी जेवून आलोय" असं जाहीर करण्याची सोय नाही. शुभकार्यांची एवढी लांबलचक यादी करून शास्त्रकारांनी सगळ्यांवर बंदी घातली, पण खाण्याचं नाव त्या यादीत टाकायचं राहून गेलं. आमच्या जिल्ह्याने ही फट बरोबर हेरली. त्यामुळे वर्षातला सगळ्यात अशुभ महिना हाच आमच्या पोटाचा सगळ्यात शुभ महिना आहे.

हे सांगायचं कारण म्हणजे आमचा पुतण्या. तो पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो आणि अमेरिकेच्या घड्याळावर जगतो. त्याने घरच्या ग्रुपवर एक यादी टाकली. अमेरिकेत म्हणे रोज कुठल्या ना कुठल्या पदार्थाचा दिवस असतो. ४ जानेवारी स्पॅगेटीचा, १९ जानेवारी पॉपकॉर्नचा, २३ ला पाय नावाच्या गोड-तिखट पदार्थाचा, २४ ला पीनट बटरचा, २७ ला चॉकलेट केकचा, ३० ला क्रोसाँचा आणि ३१ ला गरम चॉकलेटचा. खाली त्याने लिहिलं होतं, "बघा, लोक लाइफ कसं एन्जॉय करतात."

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. ग्रुपवर आलेल्या मजकुराचं मोठ्याने वाचन त्यांच्याच ओट्यावर होतं, कारण चष्मा आणि वेळ दोन्ही त्यांच्याकडेच आहेत. त्यांनी यादी शाळेच्या हजेरीपटासारखी वाचली आणि विचारलं, "चार जानेवारीला स्पॅगेटी. म्हणजे शेवयाच ना? शेवया कुणी जानेवारीत करतं का? वाळवायच्या कुठं, फ्रीजवर?" आई आतून म्हणाली, "आन् शेंगदाण्याला एकच दिस? कामून, त्यानं काय पाप केलंय?" तिचा राग रास्त होता. आमच्या घरात चहा सोडला तर शेंगदाण्याचं कूट पडत नाही असा पदार्थ नाही. आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि यापैकी काहीच नसेल तर भाकरीवर चटणी म्हणून पुन्हा कूटच. त्या शेंगदाण्याची वर्षातून एकच दिवस आठवण काढायची म्हणजे घरच्या माणसाला हळदी-कुंकवाचं बोलावणं पाठवण्यातला प्रकार झाला.

गुरुजींना मात्र खरी उत्सुकता वेगळीच. हे दिवस ठरवतं कोण? पुतण्याने माहिती पुरवली. काही दिवस सरकारी आहेत. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८४ साली अख्खा जुलै महिना आइस्क्रीमला बहाल केला आणि त्यातला तिसरा रविवार आइस्क्रीमचा खास दिवस म्हणून जाहीर केला. गुरुजींना हे पटलं. "उन्हाळ्यात आइस्क्रीम आणि दुधाला उठाव. हा माणूस शेतकऱ्याचा दिसतो." पण बाकीचे बरेच दिवस कुठल्यातरी कंपनीने, संघटनेने किंवा रिकामटेकड्या माणसाने ठरवलेले. नॉर्थ डकोटा राज्यात मँडन नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथून २०१३ पासून एक कंपनी अशा दिवसांची वही ठेवते. कुणी अर्ज केला आणि तो त्यांना पसंत पडला की नवा दिवस वहीत चढतो.

"म्हणजे आधी तारीख ठरवायची आणि मग त्या तारखेला पदार्थ बसवायचा," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडं पदार्थ शेतात तयार होतो आणि तारखेला त्याच्या मागं पळावं लागतं."

गुरुजी निवृत्त झाल्यापासून फार क्वचित इतकं थोडक्यात बोलले आहेत. त्यांचं म्हणणं पौषाला लावून पाहिलं, आणि अमेरिकेची यादी मला एकदम सपक वाटायला लागली. पॉपकॉर्नच्या दिवशी पॉपकॉर्न खायचं, यात विक्षिप्त ते काय? विक्षिप्तपणा पाहायचा तर पौषाच्या उंबऱ्यावर, मार्गशीर्षातल्या शेवटच्या दिवशी, मांजरेच्या काठाने यावं.

त्या दिवशी वेळा अमावस्या असते. बोलण्यात येळवस. हा सण लातूर आणि धाराशिवचा, पण मांजरा नदीला जिल्ह्यांच्या हद्दी कळत नाहीत. त्यामुळे तो अंबाजोगाई, परळी, केजच्या बाजूला आमच्याकडेही आलेला आहे. लातूरला जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. भज्जीसाठी सरकारी सुट्टी देणारा जिल्हा जगात दुसरा असेल असं वाटत नाही. सीमेच्या अलीकडे सुट्टीची हमी नसली, की कार्यालयांत एक विचित्र साथ पसरते. कुणाच्या पोटात कळ येते, कुणाची सासू सिरियस होते, कुणाला अचानक साइटवर जावं लागतं. साइटवर दुपारी सगळे एकमेकांना भेटतात. साहेबही तिथेच असतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, वर शाल किंवा लुगडं टाकायचं, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य, आणि मग अख्ख्या शिवाराने जेवायला बसायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पुण्या-मुंबईचा पाहुणा दर वर्षी हीच गफलत करतो आणि कढईत तेल कुठे दिसतं का ते शोधतो. भज्जीत तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, घेवडा, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजर, शेंगदाणे, चिंच असं त्या आठवड्यात शिवारात जे जे हिरवं उभं असेल ते सगळं पडतं. ते शिजवून आंबट ताकात कालवलेल्या बेसनात रटरटू द्यायचं. पातेलं इतकं मोठं की ढवळायला पळी पुरत नाही. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, धपाटे, गव्हाची खीर आणि प्यायला आंबील.

आंबिलीबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण नवख्यांचा पराभव तिथेच होतो. ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी ताकात मिसळायची, लसूण-मीठ-जिरं लावायचं आणि मातीच्या बिंदगीत घालून शेतात न्यायची. बिंदगी डोक्यावरून सावकाश चालत येते, त्यामुळे आंबिलीला वाटेतच चांगली हिंदळी बसते. दुपारी दोनच्या उन्हात, भज्जी-उंड्यांवर, दोन तांबे आंबील गेली की माणूस ज्या जागी बसला आहे तिथेच आडवा होतो. बांधावरच्या बाभळीखाली त्या दिवशी इतकी माणसं गाढ झोपलेली असतात की नवख्याला वाटावं, गावात काहीतरी आक्रीत घडलं. संध्याकाळी उरलेल्या आंबिलीने पिकात चर शिंपतात. ज्वारीलाही थोडी झोप मिळावी असा हेतू असेल.

येळवशीचा मोठा गुण म्हणजे ज्याला शेत नाही त्याची त्या दिवशी सगळ्यात जास्त चंगळ असते. शेतवाला आपल्या शेताला बांधलेला, तर बिनशेतीचा माणूस सगळ्यांचा पाहुणा. शिंपी, मास्तर, बँकेचा कॅशियर, एसटीचा कंडक्टर यांना सकाळपासून फोन सुरू होतात. नाही म्हणायची सोय नसते, आणि एका शेतात पोटभर जेवून दुसऱ्या शेतात "आत्ताच झालं" म्हटलं तर तो अपमान धरला जातो. आमचे एक परिचित कॅशियर दर वर्षी चौथ्या शेतात जाऊन हात जोडतात. तिथली आजीबाई म्हणते, "जेवू नका बापा, नुसती चव बघा," आणि चव म्हणून परातभर वाढते.

येळवशीची झोप उतरते न उतरते तोच धुंधुर्मास चालू असल्याचं लक्षात येतं. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबर ते भोगीपर्यंत. यात सूर्य उगवायच्या आत जेवायचं असतं. नाश्ता नव्हे, जेवण. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी. एरवी आठ वाजता हाक मारली तरी कूस बदलणारा माणूस पहाटे पाचला स्वेटर, मफलर, कानटोपी अशा वेषात, डोळे मिटूनच पानावर बसतो. भरीत कुठलं आणि चटणी कुठली हे त्याला वासावरून ओळखावं लागतं. पुतण्या म्हणतो याला हल्ली इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात. तो एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. पाचला जेवल्यावर नऊला पुन्हा भूक लागते, आणि नऊच्या भुकेला शास्त्राची कसलीही मनाई नाही.

पौषाच्या शुद्ध पक्षात अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचं नवरात्र असतं. तुळजापूरला ते थाटात होतं, आणि पौर्णिमेला काही घरांत देवीला साठ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. साठ! आता बीडच्या मंडईत जानेवारीत माल भरपूर असतो, पण साठ म्हणजे साठ. पस्तिसाव्या भाजीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. चाळिशीनंतर घरातल्या सुनांची परीक्षा सुरू होते. मुळा एक आणि मुळ्याचा पाला दुसरा. भोपळा वेगळा, भोपळ्याचं फूल वेगळं. हरभऱ्याचा पाला, हरभऱ्याचे घाटे, आणि भिजवलेले हरभरे. पन्नाशीत आल्यावर कोथिंबीर, कढीपत्ता आणि मिरचीला भाजीची बढती मिळते. अठ्ठावन्नवर गाडी अडली की आजेसासूबाई डोळे मिटून म्हणतात, "देवीला समजतं, गं." ही सोय अमेरिकेच्या अर्जात असणं शक्य नाही.

एव्हाना ज्वारीच्या कणसांत दाणा भरलेला असतो, दुधाळ आणि हिरवा. हुरड्याला ठरलेली तिथी नाही. दाणा भरला की तिथी. गूळभेंडीचं कणीस हुरड्याला गोड, आणि मालदांडीची ज्वारी भाकरीला. हा भेद ज्याला कळत नाही त्याला शेताच्या बांधावर मत मांडायचा अधिकार नाही. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यांत कणसं खुपसायची. एक माणूस भाजतो, एक चोळतो, आणि पंधराजण खातात. चोळणारा गरम कणीस तळहातांत धरून दाणे सोडवतो, फुंकर मारून कूस उडवतो आणि मूठ पुढच्याच्या हातात रिकामी करतो. त्याचे तळहात काळे, बोटं भाजलेली. तोंडात दाणा मात्र सगळ्यात शेवटी जातो. सोबत तिळाची नाही तर खोबऱ्याची चटणी, गूळ, दही, आणि अर्थात शेंगदाणे. हुरडा मोजून खाता येत नाही. जो "बास" म्हणतो त्याच्या मुठीत आणखी एक कणीस पडतं.

अलीकडे हुरड्याला पार्टी हे शेपूट लागलं आहे. नगर रोडला आणि बार्शी रोडला फ्लेक्स लागतात: माणशी अमुक रुपये, हुरडा अमर्याद, बैलगाडी सफर, सेल्फी पॉइंट. शहरातला माणूस पैसे मोजून खाटेवर बसतो आणि कणसाकडे बघून विचारतो, "हे ऑरगॅनिक आहे ना?" राजकारणी मंडळींचे हुरडे वेगळे. आमच्या जिल्ह्यात चहासुद्धा कुठल्या गटाचा आहे हे विचारून पितात, मग हुरडा तर तासाभराचा कार्यक्रम. कोण कुणाच्या आगटीभोवती बसला, यावर पुढचे आठ दिवस चर्चा चालते. दोन्हीकडे बसलेला माणूस घरी येऊन ओव्याचं पाणी पितो आणि दोन्हीकडे पोटदुखीचं कारण सांगतो.

मग भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, असा सरळ धमकीवजा नियम. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट, म्हणजे वांगी, गाजर, घेवडा, पावटा, सोलाणे, शेंगदाणे, तीळ, बोरं आणि उसाचे करवे यांची एकत्र भाजी. भाजीत बोर सापडलं की लहान पोरं ओरडतात आणि बिया मोजतात.

याच ठिकाणी थोडं थांबावं लागतं, कारण भोगीला आमची कितीतरी गावं अर्धी रिकामी असतात. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची भोगी फडात, कोपीसमोर. बाजरी घरून नेलेली. गाजर नाही मिळालं तर नाही, पण उसाचे करवे पाहिजे तेवढे. तिथे सणाची सुट्टी मुकादमाच्या वहीत खाडा म्हणून लागते, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे सण कामाच्या आधी नाही तर कामानंतर, अंधारात. गावाकडे आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यापुढे तिळाचा हलवा असतो. त्यातली साखर बहुतेक त्याच फडातून निघालेली, आणि ती गावच्या दुकानात विकत घेतलेली. साखरेच्या दिवसाची घोषणा करायला मँडनच्या मंडळींनी कधीतरी यावं. हा हिशेब त्यांना ओट्यावर बसून समजावून सांगायची गुरुजींची तयारी आहे.

संक्रांतीचा विक्षिप्तपणा मात्र जागतिक दर्जाचा आहे. पंचांगात संक्रांतीची स्वारी दर वर्षी नव्याने येते. ती कशावर बसून आली, कोणत्या रंगाचं वस्त्र नेसली, आणि काय खात आली, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे आमच्या सणालासुद्धा स्वतःचा नाश्ता आहे. ती जे नेसते त्या रंगाची साडी बायका त्या दिवशी नेसत नाहीत, आणि दुकानदार त्या रंगाचा माल आधीच आतल्या कपाटात ठेवून देतात. परळीला वैजनाथाच्या मंदिरात ववसायला सुवासिनींची रांग लागते. प्रत्येकीच्या हातात सुगडं आणि सुगडांत बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, उसाचे करवे. रांग पुढे सरकेपर्यंत मुलांनी सुगडातली बोरं कमी केलेली असतात.

२०२६ साली तर कहर झाला. १४ जानेवारीला संक्रांत, आणि त्याच दिवशी षट्‌तिला एकादशी. पुरणपोळीचा दिवस आणि उपासाचा दिवस एकाच तारखेला. गावोगाव धर्मसंकट उभं राहिलं. एका पक्षाचं म्हणणं, पुरणपोळी संध्याकाळी तिथी संपल्यावर. दुसऱ्याचं म्हणणं, द्वादशीला. तिसरा पक्ष दोन्ही दिवस खाणारा होता, आणि बहुमत त्याचंच झालं. षट्‌तिलेला तीळ सहा प्रकारे वापरावेत असं सांगितलंय: अंगाला लावावेत, स्नानात घालावेत, होम करावा, तर्पण करावं, दान करावं आणि खावेत. आमच्याकडे पहिले पाच प्रकार झटपट उरकून सहाव्याला पुरेसा वेळ देण्यात आला. दुसऱ्या दिवशीच्या करीला नवं काम काढायचं नाही, प्रवास करायचा नाही. त्यामुळे सामिष घरांत दिवसभर रश्श्याशेजारीच बसून राहावं लागतं.

पुढे रथसप्तमी. तोवर हळदी-कुंकू चालतं आणि घरात प्लॅस्टिकची चहाची गाळणी, साबणदाण्या आणि डबे यांची वर्षाची बेगमी होते. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. वर्षातला हा एकच दिवस की ज्या दिवशी दूध उतू गेलं म्हणून कुणाला बोलणी बसत नाहीत. दुधाचे आजचे भाव लक्षात घेता आई बोळकं मात्र दर वर्षी एक नंबर लहान घेते.

या सगळ्याला नवी पुस्तीही जोडली जात आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष केलं. तेव्हापासून आमच्या बाजरीला शहरात भाव आला. जालना रोडवरच्या कॅफेत बाजरीचा पिझ्झा मिळतो, तो कॉलेजची मुलं खातात आणि घरी बाजरीची भाकरी वाढली की तोंड फिरवतात. १० फेब्रुवारी हा जागतिक डाळी दिवस आहे हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "रोजच हाय की मग." तिला मी विरोध केला नाही.

पुतण्यावर मात्र गुरुजींच्या बोलण्याचा चांगलाच परिणाम झाला होता. त्याने मँडनच्या कंपनीकडे येळवशीची नोंद करायचं ठरवलं आणि अर्ज ओट्यावर आणला. लॅपटॉप पाटावर, पुतण्या पाटासमोर आणि आम्ही सगळे भोवती.

"तारीख?" त्याने विचारलं.

"२०२४ ला ३० डिसेंबर, २०२५ ला १९ डिसेंबर," गुरुजी म्हणाले. "पुढची पंचांगात बघ. दर वर्षी बदलते."

"पदार्थाचं नाव? एकच लिहायचंय."

"भज्जी लिही," मी म्हणालो. गुरुजींनी उंडे सुचवले, कॅशियरांनी आंबील. अर्ज तिथेच अर्धा तास अडला.

"प्रायोजक कोण?"

"तूर," गुरुजी म्हणाले. "आन् ज्वारी. दोन्ही पोशिंदे आहेत, नाव दोघांचंही घाल."

"कोण साजरा करू शकतं?"

आईने तोपर्यंत चहाची पातेली उतरवली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "शेत असलेल्यानं यावं, नसलेल्यानं आधी यावं. आन् खाली लिही, येताना डबा आणायचा न्हाई. जाताना न्यायचा."